सार्वजनिक शिल्पाचा जमाखर्च

बेळगावच्या भुईकोट किल्ल्यात कमल बस्ती नावाचे जुने जैन मंदिर आहे. संकेश्वराहून बेळगावास सहल नेण्याचा योग आला, म्हणजे विद्यार्थ्यांना ते मंदिर दाखविल्यावाचून आम्ही परतत नसू. मंडपाच्या मध्यभागी उभे राहून वर पाहिले की छतातून खाली उतरलेले दगडी कमळ दृष्टीस पडते, आणि तोवर गलबला करणारी मुले क्षणभर गप्प होतात. एका वर्षी त्या शांततेत एका मुलाने विचारले, "गुरुजी, याला पैसे किती लागले असतील? आणि ते दिले कोणी?" सोबतची मुले हसली. आम्हीही काहीतरी सांगून वेळ मारून नेली. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. शिल्पाच्या सौंदर्याविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्याच्या खर्चाविषयी बोलणे मात्र आपल्याला काहीसे अरसिकपणाचे वाटते. आज सरकारी तिजोरीतून कोट्यवधी रुपयांचे पुतळे व स्मारके उभी राहत असताना हा संकोच सोडून त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आश्चर्याची गोष्ट अशी की, कमल बस्तीपुरते ते उत्तर उपलब्ध आहे. सौंदत्तीच्या रट्ट घराण्यातील चौथा कार्तवीर्य वेणुग्रामी, म्हणजे आजच्या बेळगावी, राज्य करीत असता त्याचा मंत्री बिचिराज याने तेथे रट्ट जिनालय बांधविले. इ. स. १२०४ च्या दोन शिलालेखांत त्याची हकिगत आली आहे. कमल बस्ती ती हीच, असे सामान्यतः मानले जाते. या शिलांवर राजाची वंशावळ व प्रशस्ती आहेच. पण तेवढ्यावर लेख संपत नाही. देवालयाचे आचार्य शुभचंद्र भट्टारक यांच्याकडे कोणते उत्पन्न लावून दिले, हे त्यात नोंदले आहे. वेणुग्रामच्या पेठेतील व्यापाऱ्यांनी आपापल्या मालावर देवालयाप्रीत्यर्थ जी देणी कबूल केली, त्यांची जंत्रीही त्यात आहे. राजाने दिले ते राजाच्या नावे, पेठेने दिले ते पेठेच्या नावे. म्हणजे वास्तू आणि तिचा जमाखर्च ही दोन्ही एकाच हेतूने दगडात घडविली गेली.

दुर्दैव एवढेच की, हे दोन्ही शिलालेख आज बेळगावात नाहीत. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. देऊळ येथे आणि हिशेब साता समुद्रांपलीकडे, अशी त्यांची ताटातूट झाली आहे. या ताटातुटीकडे आम्ही केवळ पुरातत्त्वाच्या दृष्टीने पाहत नाही. आपल्या आजच्या सार्वजनिक शिल्पाची स्थितीही नेमकी अशीच आहे. शिल्प आपल्यासमोर असते. हिशेब दुसरीकडेच असतो.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. जुन्या काळाचे गोडवे गाऊन आजच्या काळास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. ज्या गावाचे उत्पन्न देवालयास लावून दिले जाई, त्या गावच्या कुणब्याला कोणी विचारले नव्हते. त्याच्या दृष्टीने सारा राजाकडे गेला काय आणि मठाकडे गेला काय, खळ्यावरचा दाणा उचलला जायचा तो जायचाच. मध्ययुगीन दानात लोकसंमती होती असे म्हणणे इतिहासाचा विपर्यास ठरेल. पण एक गोष्ट त्या काळाने ओळखली होती, आणि ती साधी नाही. सर्वांच्या दृष्टीस पडणाऱ्या वस्तूचा खर्चही सर्वांच्या दृष्टीस पडावा, आणि वस्तू उभी करण्याइतकीच ती सांभाळण्याचीही तरतूद व्हावी, हे त्या काळाला कळले होते.

या दुसऱ्या गोष्टीचे उदाहरण आमच्या टापूच्या उत्तरेस, कृष्णेच्या काठी खिद्रापुरास पाहावयास मिळते. शिलाहारांच्या काळातील ते कोपेश्वराचे मंदिर आणि त्याचा आभाळाकडे उघडा असलेला स्वर्गमंडप शिक्षकवर्गास सुपरिचित आहे. तेथे यादव राजा सिंघण याचा शके ११३६ चा संस्कृत लेख आहे. मिरिंजी देशातील, म्हणजे मिरजेच्या मुलखातील, कुडलदामवाड हे गाव त्याने कोपेश्वराच्या पूजेसाठी दिल्याची नोंद त्यात आहे. शिलाहारांचे राज्य यादवांनी नुकतेच जिंकले होते. जिंकलेल्या राजाने हरलेल्या घराण्याच्या मंदिराचा योगक्षेम चालवावा, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. अशा दानलेखांच्या शेवटी पुढील राजांना विनवणी केलेली असते, आणि शापही घातलेला असतो: आपण दिलेले असो वा दुसऱ्याने, ते हिरावून घेऊ नये. या शापवचनांना आपण हसतो. वस्तुतः त्यांत राज्यव्यवहाराचे मोठे शहाणपण साठवले आहे. कलाकृतीला सत्तांतराची भीती असते, हे ते लिहिणाऱ्यांना ठाऊक होते.

करदात्याला प्रत्यक्ष विचारल्याचे उदाहरण हवे असेल तर प्राचीन ग्रीसकडे वळावे लागते. अथेन्सच्या टेकडीवर पार्थेनॉनचे बांधकाम चालू असताना पेरिक्लीझवर विरोधकांनी कडक टीका केली, असे प्लूटार्क सांगतो. मित्रराज्यांनी युद्धासाठी दिलेला पैसा नगरीला नटविण्यात उधळला जातो, हा त्यांचा आक्षेप होता. तेव्हा पेरिक्लीझने सभेत लोकांनाच विचारले की, खर्च फार झाला असे तुम्हांस वाटते काय? लोक होय म्हणाले. त्यावर तो उत्तरला, मग हा खर्च मी माझ्या पदरचा करतो आणि इमारतींवर नावही माझेच घालतो. हे ऐकताच सभा पालटली आणि हवा तेवढा खर्च सार्वजनिक द्रव्यातूनच करा, असा एकच गजर झाला. ही कथा पेरिक्लीझच्या चातुर्याची म्हणून सांगतात. पण तिच्यात आणखीही एक मर्म आहे. ज्याने पैसा द्यावा त्याचे नाव असावे, हा तो न्याय होय. अर्थात, तो पैसा ज्या मित्रराज्यांचा होता, त्यांना त्या सभेत आवाज नव्हता, हेही विसरता येत नाही. आज तिजोरी लोकांची असते आणि कोनशिलेवर नाव मात्र अनावरण करणाऱ्याचे असते. पेरिक्लीझने जो डाव लोकांपुढे टाकला, तो आपल्याकडे कोणी टाकीतच नाही.

आता आपल्या अलीकडच्या इतिहासाकडे येऊ. मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया १९२४ मध्ये पुरे झाले. त्यास २१ लक्ष रुपये लागले व ते हिंदुस्थान सरकारने, म्हणजे अखेर येथील रयतेने, सोसले. पैसा अपुरा पडल्यामुळे कमानीसमोर योजलेला रस्ता मात्र झालाच नाही. बादशहाच्या आगमनाच्या स्मरणार्थ रयतेच्या पैशातून उभारलेली कमान, हा अपव्यय नव्हे तर काय, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर त्यास चुकीचे ठरविणे कठीण होते. परंतु २८ फेब्रुवारी १९४८ रोजी अखेरची ब्रिटिश पलटण त्याच कमानीखालून निघून गेली, आणि त्या वास्तूचा अर्थच बदलला. सार्वजनिक शिल्पाचे मोल त्याच्या अनावरणाच्या दिवशी ठरत नाही. ते पुढच्या पिढ्या ठरवितात, ही गोष्ट केवळ आकडेमोड करणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावी.

असाच एक विलक्षण योग कोल्हापुराशी निगडित आहे. पुण्यात शिवछत्रपतींचे भव्य स्मारक व्हावे ही राजर्षी शाहू महाराजांची इच्छा. १९२१ मध्ये त्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी महाराज निवर्तले. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत शिल्पकार नानासाहेब करमरकर यांनी तो अश्वारूढ पुतळा माझगावच्या गोदीत एकसंध ओतला, आणि १९२८ च्या जून महिन्यात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले. याच विल्सनसाहेबांचा पुतळा कोल्हापुरातही होता. स्वातंत्र्याच्या चळवळीत लोकांनी तो विद्रूप केला, आणि १९४५ मध्ये त्याच जागी शिवरायांचा अर्धपुतळा बसला. भालजी पेंढारकर यांचा पुढाकार आणि बाबूराव पेंटर यांचा हात, असे त्या पुतळ्यामागील बळ होते. आकाराने तो लहान. पण आजही कोल्हापूरकर आपला आनंद आणि आपला निषेध घेऊन त्याच चौकात जमतात. उंचीने मोल वाढत असते तर हे घडले नसते. लादलेला पुतळा गेला आणि हवासा वाटलेला पुतळा राहिला, एवढाच या घटनेचा बोध आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमचा बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला. त्यानंतर वर्षभराने, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, प्रतापगडावर पंडित नेहरूंच्या हस्ते शिवपुतळ्याचे अनावरण झाले आणि संयुक्त महाराष्ट्र समितीने तेथे प्रचंड निदर्शने केली. निदर्शकांचा विरोध पुतळ्याला नव्हता. किंबहुना त्या पुतळ्यावरचा आपला हक्क सांगण्यासाठीच ते गड चढून गेले होते. पुतळा ही केवळ धातूची आकृती नसून लोकांच्या सामुदायिक स्मृतीचे ठिकाण असते, हे त्या दिवसाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. म्हणूनच, पुतळे म्हणजे निव्वळ उधळपट्टी होय, हे सरसकट मत आम्हांस मान्य नाही. भाकरीने पोट भरते. पण आपण कोण, हे भाकरी सांगत नाही.

परंतु स्मृतीचे नाव घेतले की खर्चाचा प्रश्न संपला, असेही नव्हे. मुंबईनजीक अरबी समुद्रात शिवस्मारक उभारण्यासाठी २४ डिसेंबर २०१६ रोजी जलपूजन झाले. त्या वेळी खर्चाचा अंदाज सुमारे ३,६०० कोटी रुपयांचा होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे काम थांबले, आणि स्मारक अद्याप उभे राहिलेले नाही. जानेवारी २०२० मध्ये परळच्या वाडिया रुग्णालयांच्या थकलेल्या अनुदानाचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा सरकारजवळ पुतळ्यांसाठी पैसा असतो, सार्वजनिक आरोग्यासाठी नसतो, अशा आशयाची तीव्र नापसंती न्यायालयाने व्यक्त केली. आजारी बालकाच्या उशाशी बसलेल्या आईला स्मृतीचे तत्त्वज्ञान सांगावयास कोणाची जीभ धजावेल? या आक्षेपाला उत्तर नाही असे आम्ही म्हणत नाही. पण ते उत्तर घोषणांनी देता येणार नाही, हिशेबानेच द्यावे लागेल.

हिशेब न मांडल्याचा परिणाम काय होतो, हे मालवणात दिसून आले. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, शिवछत्रपतींचा ३५ फुटी पुतळा मोठ्या समारंभाने अनावृत झाला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही पुरे होण्यापूर्वी, तो कोसळला. ज्याच्या सिंधुदुर्गाचे तट साडेतीनशे वर्षे समुद्राच्या लाटा झेलीत समोर उभे आहेत, त्याचाच पुतळा एक पावसाळाही काढू शकला नाही, ही लज्जा महाराष्ट्राला विसरता येण्याजोगी नाही. काम कोणाकडे होते, खर्च किती झाला, धातूची परीक्षा कोणी केली, हे प्रश्न सर्वांनी विचारले; परंतु ते पुतळा पडल्यावर विचारले. पुढे मे २०२५ मध्ये तेथेच ६० फूट उंचीचा नवा पुतळा उभा राहिला. त्याचा खर्च ३१ कोटींहून अधिक सांगितला गेला. या खेपेस काही वर्षांच्या देखभालीची जबाबदारीही काम करणाऱ्यावर टाकण्यात आली, हे योग्यच झाले. पण जे शहाणपण तेराव्या शतकातील शिलालेखांत आहे, ते आपल्याला एक पुतळा गमावून शिकावे लागले.

आमच्या सीमाभागात तर या प्रश्नाला आणखी एक धार आहे. बेळगावनजीक येळ्ळूरच्या राजहंसगडावर शिवरायांचा पुतळा उभा राहिला, तेव्हा मार्च २०२३ मध्ये त्याचे अनावरण दोन वेळा झाले: प्रथम राज्याच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांच्या हस्ते, आणि तीनच दिवसांनी विरोधी पक्षाच्या पुढाकाराने. निवडणुका दोन महिन्यांवर आल्या होत्या. पुतळा एक, पैसा जनतेचा, आणि श्रेयाचे धनी मात्र दोन! आमच्या संकेश्वराच्या हुक्केरी तालुक्यात मणगुत्ती गावी ऑगस्ट २०२० मध्ये याहून क्लेशदायक प्रकार घडला. तेथे बसविलेला शिवपुतळा हटविण्यात आला, सीमेच्या दोन्ही बाजूंना क्षोभ उसळला, आणि अखेर गावातील सर्व समाजांनी एकत्र बसून अन्य महापुरुषांच्या पुतळ्यांसह तो पुन्हा बसविण्याचे ठरविले. वर्तमानपत्रांनी क्षोभाला मोठी जागा दिली; आम्हांस त्या बैठकीचे महत्त्व अधिक वाटते. जी बैठक शेवटी घ्यावी लागली, ती आरंभीच झाली असती तर?

सीमाभागातला कर भाषा पाहून घेतला जात नाही. बाजाराच्या दिवशी संकेश्वरात साबणाची वडी घेणारी शेतमजूर स्त्री मराठी बोलो वा कानडी, तिच्या पैशातला वाटा तिजोरीत जातोच. तेव्हा येथे उभ्या राहणाऱ्या प्रत्येक शिल्पात दोन्ही भाषांच्या लोकांचा पैसा आहे, मग ते शिल्प शिवरायांचे असो, बसवेश्वरांचे असो वा राणी चन्नम्मांचे. ज्याचा पैसा त्याचे शिल्प, हा पेरिक्लीझचा न्याय येथे लावला, तर कोणत्याही पुतळ्याला एका भाषेची मिरास म्हणता येणार नाही. मग त्याची विटंबना करणे म्हणजे स्वतःच्याच घामाची विटंबना करणे होय, हेही मनात उतरेल. वेणुग्रामचे ते शिलालेख कानडीत आहेत, म्हणून आम्हां मराठी भाषकांना ते परके वाटत नाहीत. खिद्रापुरास कानडी आणि संस्कृत लेख एकाच देवळात शतकानुशतके नांदत आहेत. दगडांना जे जमले ते माणसांना जमू नये, हे बरे नव्हे.

आमचे म्हणणे आता थोडक्यात सांगतो. महागडे सार्वजनिक शिल्प करदात्याला परवडते काय, या प्रश्नाचे उत्तर केवळ रकमेवरून देता येत नाही. २१ लक्षांची कमान कालांतराने आपली होते, आणि काही कोटींचा पुतळा नऊ महिन्यांत मातीला मिळतो. ज्या खर्चाची चर्चा आधी झाली, ज्याचा हिशेब उघड्यावर मांडला गेला आणि ज्याच्या पुढील शंभर वर्षांच्या देखभालीची सोय लावली गेली, तो खर्च मोठा असला तरी परवडतो. ज्याचा हिशेब झाकला गेला, तो लहान असला तरी महागच पडतो. कारण त्यात पैशाबरोबर लोकांचा विश्वासही खर्ची पडतो. रुग्णालय आणि शिल्प यांत निवड करण्याची वेळ आली, तर रुग्णालयाला अग्रमान द्यावा, हे निर्विवाद. पण हिशेब झाकलेला असला की, अशी निवड करण्याची वेळ आली आहे हेच लोकांना कळत नाही.

आणखी एक गोष्ट सुचवाविशी वाटते. नवीन शिल्पाला हात घालण्यापूर्वी जवळच्या जुन्या शिल्पाकडे पाहावे. संकेश्वरात शंकरलिंगाचे प्राचीन मंदिर आहे. गावाबाहेर थोड्याच अंतरावर हरगापूरचा वल्लभगड आहे. महामार्गावरून भरधाव जाणाऱ्यांना त्या गडाचे नावही ठाऊक नसते. त्याचे काही बुरूज उभे आहेत, काही ढासळले आहेत. एका मोठ्या पुतळ्याच्या खर्चाच्या अल्पशा अंशात असे किती गड सावरले जातील, याचा विचार दोन्ही राज्यांच्या सरकारांनी करावा. जुने शिल्प राखण्यात अनावरणाचा समारंभ नसतो, आणि त्याच्या कोनशिलेवर कोणाचे नाव घालता येत नाही. कदाचित म्हणूनच ते काम मागे पडते.

आणि नवे शिल्प उभारायचेच असेल तर त्याच्या चौथऱ्यावर एक शिला अवश्य बसवावी. अनावरण कोणी केले हे तीवर नसले तरी चालेल. एकूण खर्च किती, त्यांपैकी सरकारचा किती व वर्गणीचा किती, शिल्पकार कोण, ओतकाम कोणाचे, देखभालीसाठी दरसाल किती रक्कम राखून ठेवली आणि ती कोणाच्या हाती, एवढेच तीवर कोरावे. आमच्या भागात ते मराठी व कानडी अशा दोन्ही भाषांत कोरावे. तसे झाले, तर पुढच्या काळी एखादा शिक्षक मुलांना घेऊन तेथे जाईल, आणि एखादा मुलगा मान वर करून विचारील की, याला पैसे किती लागले आणि ते दिले कोणी. त्या शिक्षकाला आमच्यासारखी वेळ मारून न्यावी लागणार नाही. तो त्या शिलेकडे बोट दाखवील आणि म्हणेल, "वाच, यात तुझ्या पणजोबांचेही पैसे आहेत."